कारागृहातील आप्तांची भेट: कायदा, अंतर आणि आपला धर्मग्राम

एखाद्या घरातील मुलगा, पती किंवा वडील अटकेत गेले की मागे राहिलेल्या माणसांपुढे तीन प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. तो नेमका कोठे आहे? त्याला भेटता येईल का? आणि ही गोष्ट शेजारी, धर्मग्रामात कोणाला सांगावी? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कायद्यात आहेत. तिसऱ्याचे उत्तर मात्र आपल्या सर्वांच्या वागणुकीवर अवलंबून आहे. ही उत्तरे वेळेवर मिळाली नाहीत तर काय घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय मूठभर घरांचा आहे, असे मानण्याचे कारण नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ जण न्यायाधीन, म्हणजे ज्यांना आपण बोलीभाषेत ‘कच्चे कैदी’ म्हणतो असे होते. शंभरातील जवळजवळ शहात्तर जणांवरील आरोप अद्याप सिद्ध झालेला नव्हता. त्याच दिवशी कारागृहांची भरती त्यांच्या क्षमतेच्या १३१ टक्क्यांहून अधिक होती. याचा अर्थ असा, की कारागृहाच्या दाराशी रांगेत उभे असलेले बहुसंख्य नातेवाईक हे कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असलेल्या माणसांचे नातेवाईक असतात.

नातेवाइकांच्या भेटीकडे आपण सहसा मायेची आणि सांत्वनाची बाब म्हणून पाहतो. ती तशी आहेच. परंतु भेटीचे आणखी एक कार्य आहे व त्याकडे फारसे लक्ष जात नाही. वकीलपत्रावरील सही, जामीनदाराची व्यवस्था, औषधांची माहिती, पुढील तारीख, घरची कागदपत्रे या सर्व गोष्टी भेटीच्या वाटेनेच आत-बाहेर जातात. भेट थांबली की ही वाट बंद होते आणि कायद्याने दिलेल्या सवलतीही त्या माणसापर्यंत पोहोचत नाहीत. नव्याने कारागृहात गेलेला आणि एका कारागृहातून दुसरीकडे हलवलेला बंदी, या दोघांच्या बाबतीत हा धोका सर्वांत मोठा असतो.

पहिले दिवस: माणूस कोठे आहे?

अटकेनंतर चोवीस तासांच्या आत त्या व्यक्तीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणे भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ अन्वये बंधनकारक आहे. अटकेचे कारण जाणून घेण्याचा आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्कही त्याच अनुच्छेदाने दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डी. के. बसू खटल्याच्या निकालात अटकेसंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांत आप्ताला किंवा मित्राला अटकेची खबर देण्याचा समावेश आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम ४८ नेही पोलिसांवर हे कर्तव्य टाकले आहे. अटक झालेल्यांची नावे व माहिती ठेवणारा नियुक्त अधिकारी प्रत्येक पोलीस ठाण्यात असावा आणि ती माहिती ठळकपणे प्रदर्शित करावी, अशीही तरतूद याच संहितेत आहे.

प्रत्यक्षात गोंधळ उडतो तो ‘पोलीस कोठडी’ आणि ‘न्यायालयीन कोठडी’ या दोन शब्दांवरून. पोलीस कोठडीत असताना आरोपी पोलिसांच्या ताब्यात असतो. तेथे कारागृहातील भेटीचे नियम लागू होत नाहीत. चौकशी सुरू असताना आपल्या वकिलाला भेटण्याचा हक्क त्याला आहे, पण चौकशीचा सर्व वेळ वकील सोबत बसू शकत नाही. न्यायालयीन कोठडी सुनावली गेली, की त्याची रवानगी कारागृहात होते आणि तेथून पुढे नातेवाइकांच्या भेटीचा रीतसर मार्ग खुला होतो.

नव्या संहितेने यात एक बदल केला आहे, तो कुटुंबीयांनी समजून घेणे अगत्याचे आहे. पूर्वी पोलीस कोठडी साधारणतः रिमांडच्या पहिल्या पंधरा दिवसांपुरती असे. आता ती एकूण पंधरा दिवसांचीच असली, तरी गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येते. त्यामुळे कारागृहात गेलेला माणूस काही दिवसांनी पुन्हा पोलिसांच्या ताब्यात जाऊ शकतो. दूरवरून आलेल्या वृद्ध आईला खिडकीवर “तो इथे नाही” एवढेच उत्तर मिळाले, तर तिच्या मनात कोणकोणत्या शंका येतील, याची कल्पना करावी. म्हणून निघण्यापूर्वी वकिलाकडे किंवा संबंधित न्यायालयात चौकशी करून कोठडीचा आदेश पाहून घेणे शहाणपणाचे ठरते.

वकील नेमण्याची ऐपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीत असलेल्या कोणत्याही व्यक्तीला मोफत कायदेशीर साहाय्य मिळण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावरही विचारणा करता येते. अनेक कुटुंबे पहिल्याच आठवड्यात दागिने गहाण टाकतात किंवा व्याजी पैसे उचलतात. त्यांना ही एक माहिती वेळेवर मिळाली, तर पुढील कित्येक वर्षांचे कर्ज टळू शकते.

भेट हा उपकार नव्हे

भेट मिळणे म्हणजे तुरुंगाधिकाऱ्याची मेहेरबानी, अशी समजूत आजही सर्वत्र आढळते. १८९४ च्या कारागृह अधिनियमाच्या कलम ४० मध्येसुद्धा न्यायाधीन बंद्यांना योग्य वेळी व योग्य निर्बंधांखाली भेट मिळावी, अशी तरतूद होती. स्वतंत्र भारतातील न्यायालयांनी त्यापुढे जाऊन भेटीला मूलभूत हक्काचे स्थान दिले.

सुनील बत्रा या बंद्याने दिल्लीच्या तिहार कारागृहातून सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले. दुसऱ्या एका बंद्यावर झालेल्या अत्याचाराची ती तक्रार होती. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. डिसेंबर १९७९ मधील त्या निकालात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी कुटुंबीयांच्या व मित्रांच्या भेटी हा एकाकी बंद्याचा मोठा आधार असल्याचे मान्य केले. आप्तांचा सहवास तुटेल अशा दूरच्या कारागृहात बदली करणे हीदेखील एक प्रकारची शिक्षा ठरू शकते आणि ती न्याय्य प्रक्रियेवाचून देता येणार नाही, असेही त्यांनी स्पष्ट केले.

त्यानंतर १९८१ साली फ्रान्सिस कोराली मुलिन हिचा खटला आला. ही ब्रिटिश स्त्री प्रतिबंधक स्थानबद्धतेखाली तिहारमध्ये होती. तिला आपल्या पाच वर्षांच्या मुलीला आणि बहिणीला महिन्यातून एकदाच भेटता येत असे. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी तो निर्बंध रद्द केला. जगण्याचा हक्क म्हणजे केवळ प्राण शिल्लक राहणे नव्हे, तो मानवी प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क आहे आणि आपल्या कुटुंबीयांना व वकिलाला भेटणे हा त्याचाच भाग आहे, असा त्या निकालाचा आशय होता. त्या स्त्रीला आठवड्यातून दोनदा भेटीची मुभा मिळाली. आज भारतातील कोणत्याही कारागृहाच्या दाराशी उभ्या असलेल्या आईला किंवा पत्नीला जो हक्क आहे, त्याच्यामागे एका लहान मुलीच्या भेटीसाठी लढला गेलेला हा खटला आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने डिसेंबर २०१५ मध्ये स्वीकारलेल्या ‘नेल्सन मंडेला नियमां’नीही हेच सांगितले. कारावासाची, बदलीची, गंभीर आजाराची खबर कुटुंबाला ताबडतोब देण्याची संधी बंद्याला मिळावी. शक्य तेथवर त्याला घराजवळच्या कारागृहात ठेवावे. आणि कुटुंबाशी त्याचे नाते टिकून राहील याकडे विशेष लक्ष पुरवावे, अशी त्यांची शिकवण आहे. ज्या महापुरुषाचे नाव या नियमांना दिले आहे, त्याने सत्तावीस वर्षे बंदिवासात काढली होती.

पहिली भेट

हक्क कागदावर असला, तरी भेट घडते ती खिडकीवर. भेटीचे वार, वेळ व संख्या कारागृहागणिक आणि बंद्याच्या वर्गानुसार बदलते. न्यायाधीन बंदी आणि शिक्षा झालेला बंदी यांना वेगळे नियम असतात. म्हणून आधी चौकशी करावी. भेटणाऱ्याने आधार कार्डासारखे ओळखपत्र आणि नाते दाखवणारा एखादा कागद जवळ ठेवावा. विशेषतः लग्नानंतर नाव बदललेल्या मुलीच्या किंवा बहिणीच्या बाबतीत नावातील फरकामुळे अडचण येऊ शकते. दाराशी नाव, पत्ता नोंदवला जातो व झडती होते. स्त्रियांची झडती स्त्री कर्मचाऱ्यांनीच घ्यावयाची असते. मोबाइल आत नेता येत नाही. अनेक ठिकाणी मध्ये काच वा जाळी असते आणि बोलणे फोनच्या रिसीव्हरवरून होते. वेळ मोजक्या मिनिटांचा असतो.

या मोजक्या मिनिटांत रडू येणे स्वाभाविक आहे. तरीही काही गोष्टी विचारायच्या राहू नयेत. जेवण आणि झोप कशी आहे? कोणी मारहाण केली आहे काय? मधुमेह, रक्तदाब, क्षय किंवा मानसिक आजाराची औषधे सुरू आहेत काय? वकीलपत्रावर सही झाली काय? पुढील तारीख कोणती? या पाच प्रश्नांची उत्तरे घरी येऊन लगेच एका वहीत लिहून ठेवावीत. औषधांच्या बाबतीत डॉक्टरांची चिठ्ठी व जुने अहवाल कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी अर्जासह द्यावेत आणि अर्जाची पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले विसरले जाते, पोच मात्र न्यायालयात दाखवता येते.

कपडे व अन्न यांबाबत १८९४ च्या अधिनियमाने न्यायाधीन बंद्याला बाहेरून मिळवण्याची मुभा ठेवली होती, पण नियमांच्या अधीन राहून. प्रत्यक्षात काय स्वीकारले जाईल, हे आधी विचारावे. घरच्या जेवणासाठी बहुधा न्यायालयाची परवानगी लागते. संत पौलानेसुद्धा बंदिवासातून तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्रोवस येथे राहिलेला आपला झगा आणि पुस्तके आणावयास सांगितले होते. थंडीचे दिवस जवळ आल्यावर बंद्याला अंगावरचे वस्त्र किती मोलाचे वाटते, हे त्या साध्या मागणीवरून कळते.

एक पथ्य मात्र पाळावे. “पुढच्या आठवड्यात तू घरी येशील” असे आश्वासन देऊ नये. आतील माणूस त्या शब्दावर दिवस मोजतो आणि ते खोटे ठरले की बाहेरच्या सर्वांवरील त्याचा विश्वास उडतो. जे खरे आहे तेवढेच सांगावे आणि पुन्हा कधी येणार ते सांगून तो दिवस पाळावा.

बदली झाली की पुन्हा शून्यापासून

काही महिन्यांनी एक लय बसते. भेटीचा वार ठरतो, खिडकीवरचे शिपाई ओळखीचे होतात. अशा वेळी बदलीची बातमी येते आणि सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते. कारागृहांतील गर्दी, सुरक्षेची कारणे, शिस्त, शिक्षा लागल्यानंतरचे वर्गीकरण अशा अनेक कारणांनी बदल्या होतात. कित्येकदा कुटुंबाला ती बातमी खिडकीवरच मिळते.

वसई परिसराचेच उदाहरण घेऊ. येथील न्यायाधीन बंद्यांची रवानगी बहुधा ठाणे मध्यवर्ती कारागृहात होते. खाडीकाठच्या ज्या किल्ल्यात ते आहे, तो पोर्तुगीज राजवटीत बांधायला घेतलेला. वसईहून ठाणे म्हणजे घोडबंदर मार्गाची बस किंवा दादरला गाडी बदलून लोकलचा प्रवास. हाच माणूस तळोजा येथे हलवला गेला, तर वसई रोडहून दिवामार्गे पनवेलकडे जाणाऱ्या मोजक्या गाड्यांपैकी एक गाठावी लागते व पुढे रिक्षा करावी लागते. नाशिक रोड, येरवडा, कोल्हापूर किंवा नागपूर येथे बदली झाली, तर काही मिनिटांच्या भेटीसाठी दोन दिवसांची मजुरी आणि प्रवासखर्च जातो. कोणत्याही न्यायाधीशाने निकालपत्रात न लिहिलेला हा दंड आहे आणि तो घरच्या निरपराध माणसांकडून वसूल होतो.

या बाबतीतही कायदा मुका नाही. २००८ साली मुंबईच्या आर्थर रोड कारागृहातील काही न्यायाधीन बंद्यांना राज्यातील इतर कारागृहांत हलवण्यात आले. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नोव्हेंबर २०१२ मध्ये महाराष्ट्र राज्य विरुद्ध सईद सोहेल शेख या निकालात न्यायालयाने सांगितले, की न्यायाधीन बंद्याला ज्या न्यायालयाने कोठडीत पाठवले त्याच्या परवानगीवाचून हलवता येत नाही आणि ती परवानगी देताना न्यायालयाने केवळ शिक्का न उठवता दोन्ही बाजूंचा विचार करून निर्णय द्यावा. म्हणजेच बदलीचा प्रस्ताव समजताच वकिलामार्फत हरकत घेता येते. आईवडिलांचे वय, आजार, लहान मुले, प्रवासाचे अंतर ही कारणे कागदपत्रांसह न्यायालयापुढे ठेवता येतात. शिक्षा झालेल्या बंद्याच्या बदलीचे अधिकार प्रशासनाकडे असतात. तेथे घराजवळच्या कारागृहासाठी लेखी विनंती करावी लागते.

अंतराचा प्रश्न किती जिव्हाळ्याचा असतो, हे आपल्या ख्रिस्तसभेने फादर स्टॅन स्वामी यांच्या रूपाने पाहिले आहे. ८ ऑक्टोबर २०२० रोजी राष्ट्रीय तपास यंत्रणेने या येशूसंघीय धर्मगुरूंना रांची येथून अटक केली आणि दुसऱ्या दिवसापासून ते तळोजा कारागृहात होते. त्यांचे वय त्या वेळी ८३ वर्षांचे होते. पार्किन्सनच्या आजारामुळे हाताला कंप असल्याने पेला धरून पाणी पिणे त्यांना कठीण जाई. नळीच्या पेल्यासाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. सहबंद्यांनी त्यांची शुश्रूषा केली. मे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे दूरदृश्य प्रणालीद्वारे बोलताना त्यांनी रुग्णालयात हलवण्यापेक्षा अंतरिम जामीन मिळून रांचीला आपल्या माणसांत राहता यावे, अशी इच्छा प्रकट केली होती. ती पूर्ण झाली नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांना वांद्रे येथील होली फॅमिली रुग्णालयात हलवले गेले व ५ जुलै २०२१ रोजी तेथे त्यांचे निधन झाले. त्यांच्यावरील आरोपांची सुनावणी तोपर्यंत सुरूही झाली नव्हती. त्या खटल्याविषयी कोणाचे काहीही मत असो, मरणाच्या दारी असलेल्या माणसाला आपली माणसे जवळ हवी असतात, हे सत्य कोणत्याही मतावर अवलंबून नाही.

पडद्यावरची भेट

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे कारागृहांतील प्रत्यक्ष भेटी बंद झाल्या आणि व्हिडिओ कॉलचा वापर वाढला. आज राष्ट्रीय कारागृह संकेतस्थळावर ‘ई-मुलाकात’साठी नोंदणी करता येते. तेथे प्रत्यक्ष भेटीची आगाऊ नोंदणी करता येते, त्याचप्रमाणे दूरदृश्य भेटीसाठीही अर्ज करता येतो. नागपूरच्या कारागृहातील मुलाशी आगाशीच्या आजारी आईला बोलता येणे, ही मोठीच सोय आहे. तिचा लाभ अवश्य घ्यावा.

तथापि या सोयीच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. अर्ज भरण्यासाठी मोबाइल, इंटरनेट आणि थोडे तांत्रिक ज्ञान लागते. ज्या घरात हे नाही, ते घर रांगेतूनच नव्हे तर यादीतूनही वगळले जाते. शिवाय पडद्यावर दिसणाऱ्या चेहऱ्यावरून अंगावरची सूज, घटलेले वजन किंवा डोळ्यांतील भीती नेहमी कळत नाही.

आणखी एक बदल नकळत झाला आहे. पूर्वी तारखेच्या दिवशी बंद्याला न्यायालयात आणले जाई आणि त्या आवारात कुटुंबाला त्याचे दर्शन तरी घडत असे. आता कोठडी वाढवून घेण्यासाठी आणि अनेक तारखांसाठी त्याला कारागृहातूनच पडद्यावर हजर केले जाते. पोलीस बंदोबस्ताचा खर्च व वेळ वाचतो, हे खरे. परंतु न्यायालयाच्या जिन्यावर पाहता येणारा तो माणूस कुटुंबाच्या नजरेआड गेला, हेही तितकेच खरे. त्यामुळे प्रत्यक्ष भेटीचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे.

दार उघडे असूनही आत

गेल्या काही वर्षांत न्यायाधीन बंद्यांना दिलासा देणाऱ्या चांगल्या तरतुदी झाल्या आहेत. नव्या संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी शिक्षा न झालेल्या न्यायाधीन बंद्याने आरोपित गुन्ह्याच्या कमाल शिक्षेपैकी एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर मुक्त करावयाचे आहे. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्या काळाची आहे. मृत्युदंड वा जन्मठेपेचे गुन्हे तसेच एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेले बंदी त्यास अपवाद आहेत. त्यासाठी न्यायालयाला कळवण्याचे काम कारागृह अधीक्षकांवर सोपवले आहे. जामीन मंजूर होऊनही पैशाअभावी आत राहणाऱ्या गरिबांसाठी केंद्र सरकारने २०२३ साली अर्थसाहाय्याची योजना आणली. जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका न झाल्यास अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिला.

या प्रत्येक तरतुदीत एक गृहीत धरलेले आहे: त्या बंद्याचे कोणीतरी बाहेर आहे. दिवस मोजणारे, अर्ज झाला का ते विचारणारे, शिधापत्रिका आणि घरपट्टीची पावती घेऊन जामीनदार उभा करणारे कोणीतरी. शिक्षा झालेल्या बंद्याच्या संचित रजेसाठी आणि अभिवचन रजेसाठीसुद्धा त्याला घरी घेण्यास तयार असलेला नातेवाईक असावा लागतो. ज्याला कोणी भेटायला येत नाही, त्याच्यासाठी कायद्याचे दार उघडे असूनही तो आतच राहतो. भेट ही न्यायाच्या यंत्रणेचा एक भाग आहे, असे जे प्रारंभी म्हटले, त्याचा अर्थ हा आहे.

लाजेची भिंत

मग कुटुंबे भेटायला का जात नाहीत? पैसा आणि अंतर ही कारणे आहेतच. पण आपल्या समाजात त्यांहून प्रबळ कारण आहे ते लाज. गावात सर्वांना सर्वांची माहिती. घरातील माणूस आत गेला, की पत्नी मिस्सेला मागच्या बाकावर बसू लागते. मुलांना शाळेत “पप्पा कामानिमित्त बाहेरगावी गेले” असे सांगायला शिकवले जाते. मुलीचे जमत आलेले लग्न मोडते. चुलते-मावशा येणे बंद करतात. भेटीला जायचे तर पहाटेच्या काळोखात, कोणी पाहू नये म्हणून. जो गुन्हा सिद्ध झालेला नाही, त्याची शिक्षा आपण त्या घराला सुनावून मोकळे होतो.

येथे कोणी म्हणेल, की ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. गुन्ह्याने पोळलेल्या कुटुंबाला न्याय, भरपाई आणि आधार मिळालाच पाहिजे आणि आपल्या करुणेवर पहिला हक्क त्यांचा आहे. परंतु आरोपीच्या म्हाताऱ्या आईला वाळीत टाकून पीडिताचे कोणतेही दुःख हलके होत नाही. आणि ज्याच्या हातून खरोखरच अपराध घडला आहे, त्याला पश्चात्तापाकडे आणण्याची ताकद घरच्या माणसाच्या शब्दात जेवढी असते, तेवढी कोणत्याही गजात नसते.

पोप तेविसावे जॉन २६ डिसेंबर १९५८ रोजी रोमच्या रेजिना चेली कारागृहात गेले, तेव्हा आपल्याही एका नातेवाइकाला परवान्याविना शिकार केल्याबद्दल तुरुंगवास घडला होता, असे त्यांनी बंद्यांपुढे सहजपणे सांगितले. ख्रिस्तसभेच्या सर्वोच्च आसनावरील व्यक्तीला जे सांगताना संकोच वाटला नाही, ते आपल्या घरातील माता-भगिनींना धर्मग्रामात सांगता येऊ नये, हे आपल्यासाठी विचार करण्याजोगे आहे.

धर्मग्राम काय करू शकेल?

संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात अखेरच्या न्यायाच्या वेळी प्रभू ज्या कृत्यांची विचारणा करतो, त्यांत बंदिवानाची भेट आहे. तेथे बंदिवान निर्दोष होता की दोषी, असा भेद केलेला नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ सालच्या पवित्र गुरुवारी रोममधील बालबंदींचे पाय धुतले, २६ डिसेंबर २०२४ रोजी रेबिब्बिया कारागृहात पवित्र वर्षाचे पवित्र द्वार उघडले आणि मृत्यूच्या चारच दिवस आधी, १७ एप्रिल २०२५ रोजी, थकल्या देहाने ते रेजिना चेलीतील बंद्यांना भेटून आले. भारतातही ‘प्रिझन मिनिस्ट्री इंडिया’चे स्वयंसेवक १९८१ पासून कारागृहांत सेवा करीत आहेत आणि संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांच्या सणाच्या सुमारास, ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी, ‘प्रिझन मिनिस्ट्री रविवार’ पाळला जातो.

या सेवेला धर्मग्रामाची जोड मिळाली, तर पुष्कळ काही साधेल. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. धर्मग्रामातील एखाद्या वकिलाने महिन्यातून एक संध्याकाळ अशा कुटुंबांसाठी राखून ठेवावी. युवकांनी ई-मुलाकातची नोंदणी करून द्यावी. दूरच्या कारागृहात जाणाऱ्या एकट्या बाईला सोबत आणि प्रवासखर्च मिळावा. परीक्षेच्या दिवसांत तिच्या मुलांचा अभ्यास कोणी घ्यावा, फी थकली असेल तर गुपचूप भरावी. लघु ख्रिस्ती समूहाने त्या घरी प्रार्थना ठेवणे बंद करू नये. आणि हे सर्व करताना त्या घराची गोष्ट बाहेर चर्चेचा विषय होणार नाही, एवढी दक्षता घ्यावी. मदतीच्या निमित्ताने उकरून काढलेली माहिती ही दुसरी जखम ठरते.

तीमथ्याच्या त्याच पत्रात संत पौल अनेसिफर नावाच्या एका माणसाचा कृतज्ञतेने उल्लेख करतो. तो रोमला आला, त्याने पौलाचा कसून शोध केला, त्याला गाठले आणि त्याच्या बेड्यांची लाज बाळगली नाही. त्या माणसाविषयी आपल्याला फार थोडे ठाऊक आहे. अफाट नगरात एका बंदिवानाला शोधत फिरणे तेव्हाही सोपे नसणार.

आपल्या धर्मग्रामातही कोणाच्या तरी घरी या आठवड्यात ठाण्याची, तळोजाची किंवा नागपूरची वाट विचारली जात असेल. ते घर कोणते, हे आपल्याला बहुधा माहीत असते. त्या घराचे दार ठोठावून “पुढच्या भेटीला मी बरोबर येऊ का?” एवढे विचारण्यासाठी कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही.